चिमूटभर

मराठी शिकवण्याचा पेशा पत्करल्यापासून मला एक खोड जडली आहे. कोणत्याही वस्तूचे गुणदोष पाहण्याआधी मी तिची क्रियापदे पाहतो. दारूची आपल्याकडे मुख्यतः 'पिणे' या एकाच शब्दावर बोळवण झाली आहे, आणि तोही चारचौघांत जरा आवाज खाली आणून उच्चारायचा. तंबाखूचे लाड मात्र पाहा! ती मळायची, चोळायची, तिचा बार भरायचा. विडी ओढायची, मिसरी लावायची, तपकीर चिमटीने नाकात सोडायची. इतकी क्रियापदे ज्या वस्तूला लाभतात ती घरचीच होऊन बसते.

मूळची ती घरची नव्हेच. पोर्तुगीज गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेग नावाच्या वकिलाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले हे कोणत्याही एस. टी. स्थानकाच्या भिंतींचे कोपरे सांगतील.

अलीकडच्या बंद्याही कमी नाहीत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा ठरवला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री बंद केली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. तरीही २०१९ मध्ये देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरच्या शाळांत जी पाहणी केली तीत तेरा ते पंधरा वर्षांची शंभरातली साडेआठ मुले तंबाखू वापरणारी निघाली. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात पाच. तोंडात धरायची तंबाखू ज्यांनी चाखली होती, त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच चाखली होती. दहा वर्षांच्या पोराला कसली आली आहे वाईट संगत? त्याची संगत म्हणजे आपणच.

गेल्या श्रावणात मी कोल्हापूरला ताईकडे गेलो होतो. पोहोचलो तो घरात न्यायालय भरलेले. नववीतल्या माझ्या भाच्याच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी माव्याची पुडी सापडली होती. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या कागदात बांधलेली ती पुडी टेबलाच्या मधोमध ठेवलेली. आरोपी कोपऱ्यात. न्यायाधीश अर्थातच दाजी. पण त्यांना निकाल देता येईना, कारण त्यांच्या खालच्या ओठामागे नुकताच भरलेला बार होता. ते उठले, मोरीत जाऊन मोकळे झाले, चूळ भरली आणि परत येऊन गरजले, "कुणाच्या नादाला लागलास रे?"

ताईच्या सासूबाई दारात बसून हे पाहत होत्या. "काय बाई आजकालची पोरं!" त्या म्हणाल्या आणि बोटावरची मिसरी पुन्हा दातांवर फिरवू लागल्या. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखूच. पण तिला आपण दंतमंजनाच्या पंगतीत बसवली आहे. दाढ दुखते म्हणून आजीने नातीच्या बोटावर दिलेली चिमूट नात पुढे पन्नास वर्षे सोडत नाही, आणि तिला कुणी व्यसनी म्हणत नाही.

रात्री गच्चीवर भाचा माझ्याजवळ बोलला. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्याला गरगरले होते, ओकारीही झाली होती. पण मैदानावर ज्याला गरगरत नाही तो मोठा, असा त्यांच्यात हिशेब. "पण टपरीवाल्यानं तुला दिला कसा?" मी विचारले.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "मामा, चौथीत असल्यापासून बाबांची पुडी मीच आणतोय की. तो मला काय विचारणार?"

कायद्यात विकणाऱ्याची सोय आहे. चिल्लर हातावर ठेवून "जा रे, पळत जा" म्हणणाऱ्याचे काय करायचे, याचे कलम मला कुठे दिसले नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी जेवताना कळली. भाचा आमटी बाजूला सारून दहीभात खाऊ लागला. "सहा महिने झाले, ह्याला तिखट म्हणून चालत नाही," ताई म्हणाली, "लाडावलाय." तिला तो लाड वाटत होता. मला मात्र कॉलेजातल्या आरोग्य तपासणीत ऐकलेले आठवले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज मावतात. दोन गेली, तिसरे पेरापाशी अडले.

डॉक्टर शांतपणे सांगत होते. सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठ होते, तिखट झोंबू लागते, जबडा उघडेनासा होतो. पुढे कर्करोगाची भीती असते. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरते, म्हणून मन पुन्हा पुन्हा पुडीकडे धावते. गेलेली लवचीकता पुरती परत येत नाही. पण मावा कायमचा सुटला तर आहे ते बहुधा टिकते आणि व्यायामाने थोडे सुधारते. दाजी ऐकताना खिशातली डबी उगाच चाचपत होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

ताईचा दर आठवड्याला फोन येतो. भाच्याची आमटी ती वेगळी काढते. दाजींची अजून सुटलेली नाही, पण पुडी ते स्वतः जाऊन आणतात. पहिल्या दिवशी टपरीवाल्याने विचारले म्हणे, "आज धाकटे मालक कुठं?" सासूबाईंची मिसरीची डबी देवघराच्या कोनाड्यातून फडताळात, वरच्या फळीवर गेली आहे. आणि दर रविवारी सकाळी ताई लेकाला खिडकीच्या उजेडात बसवते, आ करायला लावते आणि त्याच्याच कंपासपेटीतल्या पट्टीने वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंतचे अंतर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवते. परवा चौतीस मिलिमीटर भरले.