एक लोखंडी दांडी

सुधारणा म्हणजे काहीतरी वाढवणे, असे आपण सारेच मानत आलो आहोत. घरावर माळा चढवला, चहात वेलदोडा टाकला, की आपल्याला बरे वाटते. काढून टाकण्यातही सुधारणा असू शकते हे मला प्रथम तलासरीच्या एका मिस्त्रीने सांगितले. त्या वेळी तो माझ्या गाडीखाली उताणा पडला होता आणि त्याचे फक्त पाय दिसत होते.

"ही दांडी सोडा साहेब, मग बघा गाडी कशी चढते," पाय म्हणाले.

दांडी म्हणजे गाडीचा स्टॅबिलायझर. पुस्तकात तिला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेत स्वे बार. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला हा पोलादी गज डाव्या आणि उजव्या चाकाची एकमेकांशी गाठ घालतो. त्याच्या दोन्ही टोकांना दोन आखूड लिंक रॉड असतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर हा गज आपल्या रबरी बुशांत नुसता फिरतो; त्याला काही काम नसते. एकच चाक वर गेले, की मात्र त्याला पीळ पडतो. पीळ पडलेले पोलाद सरळ व्हायला बघते, आणि त्या धडपडीत दुसऱ्या चाकालाही वर ओढते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलू लागते तेव्हा हाच पीळ तिला सावरतो. म्हणजे डांबरी रस्त्यावर ही दांडी घरातल्या कर्त्या बाईसारखी. ती आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, नसली की कळते.

पण तलासरीपासून पूर्वेकडे निघालात की डांबर फार काळ सोबत करत नाही. पाड्यांकडे जाणारी वाट ओहळातून उतरते, पावसाने उघड्या पडलेल्या खडकांवरून चढते, आणि तिथे डाव्या चाकाखालची जमीन उजव्या चाकाखालच्या जमिनीला ओळखही देत नाही. डावे चाक धोंड्यावर चढले की उजव्याने खाली खड्ड्यात उतरून माती धरावी, एवढीच अपेक्षा असते. दांडी नेमके तेच करू देत नाही. उजवे चाक खड्ड्यावर अधांतरी राहते आणि जागच्या जागी गरगर फिरते. आताच्या गाड्यांत फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवण्याची सोय असते हे खरे. पण ज्याचा पाय जमिनीवर आहे त्याला कुबडी लागत नाही.

मिस्त्रीने एका बाजूचा लिंक रॉड सोडला. एकच टोक सुटले तरी पुरते. दुसऱ्या टोकाला मग पिळायला कोणी उरत नाही. सुटलेले टोक ब्रेकच्या नळीला घासू नये म्हणून त्याने ते तारेने वर बांधले आणि गॅरेजमागच्या दगडांच्या ढिगावर पुढचे एक चाक चढवून दाखवले. दुसरे चाक सावकाश खाली उतरले आणि जमिनीवर टेकले. मला फार आनंद झाला, हे कबूल करायला हवे.

माझा पुतण्या तर त्याच दिवशी दांडी भंगारात घालायला निघाला. त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. १९४७ साली महिंद्रांनी विलीस जीपचा धंदा हाती घेतला. त्या जुन्या जीपला चारी बाजूंना पाट्याच्या स्प्रिंगा असत आणि दांडी नावाची वस्तूच नसे. तसली एक जीप आमच्या घरी होती. घोलवडच्या वाडीतून चिकूचे करंडे घेऊन ती कुठूनही वाट काढी. पण मोठ्या रस्त्यावर जरा वेग घेतला की ती होडीसारखी डुलू लागे. आई डोळे मिटून महालक्ष्मीचे नाव घेई. वडील म्हणत, गाडी चांगली आहे, रस्ता वाकडा आहे.

तेव्हा त्या रस्त्यावर चालत असलेला वेग आज राहिलेला नाही. चारोटीपासून अच्छाडपर्यंतचा महामार्ग, पूर्वीचा आठ क्रमांकाचा आणि आताचा अठ्ठेचाळीस, गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांनी रात्रंदिवस भरलेला असतो. तिथे एखादे गुरू आडवे आले तर स्टिअरिंग झटक्याने फिरवावेच लागते. पुढची दांडी नसली की गाडी जास्त कलते, आणि वर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची ओढही वाढते. परदेशी रँग्लर रुबिकॉनमध्ये हे सारे एका बटणावर होते. वेग साधारण ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की तिची दांडी आपली आपण जोडली जाते. त्या गाडीच्या किमतीत आमच्याकडे वाडी येते. आम्ही मिस्त्रीकडून हाताने काढता-घालता येणाऱ्या पिना करून घेतल्या. (पुतण्याच्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाही, प्रत्येक चाक वेगळे टांगलेले आहे, तिथे दांडी सोडून फारसे हाती लागत नाही. हे त्याला पटलेले नाही.)

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत आम्ही दोघे दापचरीच्या पूर्वेला एका पाड्यावर गेलो होतो. चढताना दांडी सोडली होती. संध्याकाळी पावसाने ओहळ भरला, आणि तो उतरण्याची वाट बघत बसलो असताना शेजारच्या झोपडीतल्या मुलीला कळा सुरू झाल्या. फोनला तिथे रेंज नाही. एरवी अशा वेळी बांबूला झोळी बांधून माणसे रस्त्यापर्यंत चालत येतात. त्या दिवशी गाडी होती. मुलगी मागे आडवी झाली, सासू तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. सुटलेल्या चाकांनी एकेक धोंडा चाचपत गाडीने खाली आणले. त्या वाटेवर मी तिला एकही शब्द बोललो नाही, इतकी ती शहाण्यासारखी वागत होती.

महामार्गाच्या कडेला आलो आणि मी गाडी थांबवली.

"काका, आता कशाला? जाऊ या तसेच!" पुतण्या म्हणाला.

मुलीची नोंद कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात होती. अंतर वीसेक किलोमीटर. दांडीशिवाय जपून ३० च्या वेगाने जायचे तर चाळीस मिनिटे, आणि मागून येणारे ट्रक त्या वेगाला क्षमा करत नाहीत. दांडी लावायला दहा मिनिटे, मग ६० ने वीस. हिशेब सोपा होता. पण मागून कण्हण्याचा आवाज येत असताना पावसात गाडीखाली शिरणे सोपे नव्हते.

"दादा, गाडी बिघडली का?" सासूने विचारले.

"नाही बाई. सोडलेली होती, बांधतो."

पिन जाईना. भोके जुळायला गाडी दोन्ही अंगांनी सारखी उभी हवी, आणि आतले वजन उजवीकडे होते. मी खालूनच ओरडून सासूला डावीकडे सरकायला सांगितले. ती सुनेचे डोके सांभाळत वीतभर सरकली आणि पिन अलगद आत गेली. पुतण्याने बॅटरी धरून ती दोनदा ओढून पाहिली.

महालक्ष्मीचा डोंगर मागे पडल्यावर दिवे न लावलेला एक ट्रक अर्धा रस्ता अडवून उभा दिसला. मी गाडी बाजूला काढली. ती कलली आणि सरळ झाली. दांडी नसती तर काय झाले असते हे मला सांगता येणार नाही. मागच्या दोघींना मात्र ट्रक दिसलाच नाही.

पहाटे मुलगी झाली. दुपारी तिची आजी बाहेर आली तेव्हा तिने आधी गाडीखाली वाकून बघितले आणि कुठली वस्तू बांधलीत ते दाखवा म्हणाली. मी दाखवली. "एवढीशीच?" ती म्हणाली.

पुतण्याचा दांडी भंगारात घालण्याचा बेत तेव्हापासून निघालेला नाही. जादा पिनांची एक जोडी मात्र त्यानेच करून आणली. ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत असते. दिवाळीत त्या पाड्यावर फराळ घेऊन जायचे ठरले आहे. परतीच्या वाटेवर डांबर लागले की, चकलीचा डबा कुठे ठेवला हे विचारण्याआधी आमची ही विचारणार, "पिना लावल्या ना?"