दारातला दुसरा प्रश्न

वॉशिंग्टन डीसीत निवडून यायचं एक पद असं आहे, की ज्याला पगार नाही, गाडी नाही, हक्काचं टेबलही नाही. ‘अॅडव्हायझरी नेबरहुड कमिशन’चं सदस्यत्व. बोलताना सगळे कमिशनला एएनसी म्हणतात. आठ वॉर्डांच्या या शहरात अशी ४६ कमिशनं आणि त्यांचे मिळून ३४५ मतदारसंघ. एका मतदारसंघात साधारण दोन हजार माणसं, म्हणजे चार-पाच गल्ल्या आणि एखाद-दोन मोठ्या इमारती. मुदत दोन वर्षांची. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं.

मी उभी राहतेय हे कळल्यावर सांगलीहून मामाचा फोन आला. ‘नगरसेवक म्हणायचं का?’ म्हटलं, त्याहून खाली. ‘मग ग्रामपंचायत सदस्य?’ म्हटलं, अधिकार त्याहूनही कमी. ‘मग उभी कशाला राहतेस?’

प्रश्न रास्त होता. ग्रामपंचायत गटार बांधते, दिवे लावते. आमचं कमिशन रस्त्यावरचा एक बल्बसुद्धा बदलू शकत नाही. त्याच्याकडे फक्त ठराव आहे. पण १९७३च्या ज्या कायद्याने या शहराला मर्यादित स्वराज्य मिळालं, त्याच कायद्यात या कमिशनांची तरतूद झाली. दारूचा परवाना, बांधकामाची सूट, रस्त्यातला बदल अशा गोष्टी ठरवण्याआधी सरकारी खात्याने कमिशनला कळवायचं, आणि कमिशनच्या लेखी ठरावाला ‘ग्रेट वेट’ द्यायचं. १९७७ साली मद्यपरवान्याच्या एका खटल्यात इथल्या अपील न्यायालयाने त्याचा अर्थ लावून दिला. कमिशनचं म्हणणं मान्य करायचं बंधन नाही, पण त्यातल्या प्रत्येक मुद्द्याची नोंद घेऊन उत्तर द्यावंच लागेल. थोडक्यात, नाही म्हणा, पण का ते लिहून द्या.

मामाला हे दुबळं वाटलं. मला नाही वाटत, मात्र सगळा खेळ शब्दांवर येतो हे खरं. ‘या चौकात रहदारी फार वाढली आहे’ असा ठराव गेला तर ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ एवढ्यावर भागतं. ‘शाळा सुटते तेव्हा, चालणाऱ्यांना हिरवा दिवा असतानाच, डावीकडे वळणाऱ्या गाड्या मुलांच्या अंगावर येतात’ असं लिहिलं, तर कुणाला तरी त्या वेळेला त्या चौकात जाऊन उभं राहावं लागतं. असं वाक्य मला घरी बसून सुचत नाही. ते दारोदार फिरून गोळा करावं लागतं, आणि माझ्या लेखी प्रचार म्हणजे तेच काम.

सुरुवात सह्यांपासून. उमेदवारीला फक्त २५ सह्या लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एका संध्याकाळचं काम. पण सही करणारा त्याच मतदारसंघात, त्याच पत्त्यावर नोंदलेला मतदार हवा. आमची हद्द रस्त्याच्या मधून जाते. समोरच्या फुटपाथवरचे आजोबा कितीही गोड असले तरी त्यांची सही फुकट. भाडेकरू घर बदलतात, यादीतला पत्ता बदलत नाहीत. सही डोळ्यांदेखत झाली असं कागद फिरवणाऱ्याने प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं असतं, त्यामुळे कागद कुणाकडे ठेवून येता येत नाही. वर दहा दिवस हरकतींसाठी. जाणते लोक दुप्पट सह्या घेतात. मी तर म्हणते, सह्या पुरल्या तरी थांबू नये. जुलैच्या उकाड्यात सात वाजून गेले की माणसं पोर्चवर येऊन बसतात, आणि अख्ख्या निवडणुकीत त्यांच्याइतकं निवांत कुणी भेटत नाही.

आपल्याकडे उमेदवार मागे दहा-पंधरा जण घेऊन येतो, हात जोडतो, ‘लक्ष असू द्या’ म्हणतो आणि पुढच्या दारी जातो. तिथे ते पुरतं, कारण बाकीचं सगळं भावकीला, गल्लीला, मंडळाला आधीच ठाऊक असतं. इथे मला कुणी ओळखत नाही. बेल वाजवली की मी दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहते. माणसाला आतून चेहराही दिसतो आणि दार उघडल्यावर तो माझ्यापेक्षा उंचावर असतो. मग पहिला प्रश्न: गल्लीतलं काय खटकतं? उत्तर तयारच असतं. पार्किंग, उंदीर, आवाज. हे उत्तर त्याने शेजाऱ्याला, मेव्हण्याला, सगळ्यांना देऊन झालेलं असतं. ते मी वहीत लिहीत नाही.

दुसरा प्रश्न असा: शेवटचं कधी झालं?

इथे माणूस थांबतो. नजर वळवून गल्लीकडे बघतो. ‘गुरुवारी. नाही, बुधवारी, कारण कचरा गुरुवारी उचलतात.’ मग कळतं की उंदीर ‘सगळीकडे’ नाहीत, एका हॉटेलच्या मागच्या कचरापेटीचं झाकण बसत नाही. आवाज ‘रोजचा’ नाही; बारच्या मागच्या अंगणात अकरानंतर स्पीकर घरांकडे तोंड करून लावतात. असा तपशील हातात असला की परवान्याच्या वेळी कमिशन मालकाशी लेखी करार करू शकतं: अंगणातलं संगीत किती वाजता बंद, बाटल्या कधी बाहेर टाकायच्या. मद्यपरवाना मंडळाने तो मंजूर केला की मालकाला तो परवान्याइतकाच बंधनकारक. कधी दुसऱ्या प्रश्नाने तक्रारच विरघळते. ‘दोन वर्षांपूर्वी एकदा झालं होतं बहुतेक.’ तेही कळलेलं बरं.

खरी अडचण इमारतींची. रांगेतल्या घरांना पोर्च असतो, इमारतीला बझर असतो आणि दार बंद असतं. बैठकीला येतात ते बहुतेक घरमालक, ज्यांना संध्याकाळ मोकळी मिळते. कमिशनचं मत म्हणून जे जातं, ते पुष्कळदा त्यांचंच असतं. कोलंबिया हाइट्स, माउंट प्लेझंट या भागांत एल साल्वादोरहून आलेली कितीतरी कुटुंबं जुन्या इमारतींत राहतात. इमारत विकायला निघाली तर भाडेकरूंना ती आधी विकत घेण्याची संधी देणारा कायदा इथे १९८० पासून आहे. त्यासाठी संघटना लागते, म्हणून बऱ्याच इमारतींत ती असते. संघटनेची बाई एकदा ओळखीची झाली की ती लॉबीत दोन खुर्च्या मांडून देते, आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशला हसत हसत सगळ्यांना खाली बोलावते.

तिथेच एकदा एक पुण्याचा मुलगा भेटला. ‘ताई, आम्ही व्हिसावर. आम्हाला कुठलं मत?’ २०२२ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांनाही या शहराच्या स्थानिक निवडणुकांत मत दिलंय, आणि २०२४ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा वापरलं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी आग्रह केला नाही. व्हिसाच्या भानगडीत वकिलाला विचारलेलं बरं, एवढंच म्हटलं. पण दुसरा प्रश्न त्यालाही विचारला. बसथांब्यावर रात्री दिवा नसतो हे त्याच्याकडून कळलं. पोर्चवरच्या कुणाच्याही तोंडून ते आलं नव्हतं.

एएनसीच्या बऱ्याच जागांवर एकच उमेदवार असतो, काहींवर तर एकही नसतो. मग मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या नावावर निकाल लागतो. आपल्याकडे ‘बिनविरोध’ झालं की गुलाल उडतो. मला त्या शब्दाचा धसका आहे. बिनविरोध निवडून आलेल्याला एकही बेल वाजवावी लागत नाही. काहींना ही पहिली पायरी वाटते, आणि ते अगदीच खोटं नाही. २०१५ मध्ये महापौर झालेल्या म्युरिएल बाउझर २००४ मध्ये एएनसीवरच पहिल्यांदा निवडून आल्या होत्या. पायरी शोधणारा उमेदवार मला दारातच ओळखू येतो. त्याच्याकडे वही नसते.

शाळेच्या चौकाचा तो ठराव कमिशनने खात्याकडे पाठवला होता. त्याला उत्तर आलं ते नकाराचं. ते छापून मी, जिथून ते वाक्य गोळा केलं होतं, त्या दारांवर परत गेले. एका पोर्चवरच्या बाईंनी चष्मा लावून वाचलं. ‘म्हणजे नाहीच म्हणाले की.’ म्हटलं, हो, पण तिसरा मुद्दा बघा. त्यांनी गाड्या मोजल्यात सकाळी. आपण लिहिलं होतं, शाळा सुटताना. दुपारच्या मोजणीचा ठराव पुढच्या महिन्याच्या बैठकीत आहे, आणि तो मांडायला त्या बाई स्वतः येणार आहेत.