पोटाआधी यकृत

शस्त्रक्रियेआधीचा पातळ आहार सुरू आहे. प्रोटीनची पावडर, मुगाचं कढण, साय काढलेल्या दुधाचं ताक. मला वाटलं होतं हे पोटाला सवय लागावी म्हणून, निघालं यकृतासाठी! माझ्यासारख्या जाड माणसांच्या यकृतात चरबी साठून ते फुगतं आणि जठरावर आडवं येतं. दुर्बिणीनं काम करताना ते उचलून धरावं लागतं. दोनेक आठवडे असं खाल्लं की ते आकसतं. म्हणजे ही उपासमार सर्जनच्या हाताला जागा मिळावी म्हणून. असो.

माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया ठरली आहे. जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा जाणार. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक बरंचसं त्याच भागात तयार होतं, हे ऐकल्यापासून जरा हायसं वाटतंय. इतकी वर्षं सगळे 'तोंडावर ताबा ठेव' म्हणत होते, पण भूक काही फक्त तोंडात नव्हती.

सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "अगं, चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं?" बी-12 आणि इतर जीवनसत्त्वं जन्मभर घ्यायची, हे तर त्यांना सांगितलेलंच नाही.

संध्याकाळी फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंच्या फुंकणीचा सराव. खरं तर फुंकायचं नसतं, नळीतून श्वास आत ओढायचा. पहिला चेंडू झटकन वर जातो, दुसरा रडतखडत, तिसरा ढिम्म.

जेवताना पाणी प्यायचं नाही, हीही सवय आत्ताच लावायची आहे. पण ताटाशी तांब्या दिसला की हात जातोच. आजपासून तांब्या स्वयंपाकघरात ठेवलाय. यांची कुरकुर सुरू झाली आहे. उठून घ्या म्हटलं.