पावसाळ्यानंतरची तार

पावसाळा सरला की हौशी रेडिओ क्लबातले आम्ही एकमेकांच्या गच्च्यांवर चढतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धा; त्याआधी अँटेना धड हवा. आज 40 मीटर बँडचा डायपोल अँटेना उतरवला, दोन्हीकडे साधारण 10-10 मीटर तार. मधल्या जोडावरची टेप सोलली, तर कोॲक्स केबलची तांब्याची जाळी काळीहिरवी पडलेली. पाणी शिरतं ते इथूनच, मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) बिघडतो. खराब तुकडा कापून नवा डाग दिला. एसडब्ल्यूआर मोजायचा मीटर क्लबाचा, सोल्डरिंग गन एका सभासदाची. महागडा सेट घेण्याआधी या जोडाकडे बघावं, हे माझं ठाम मत. स्पर्धेत 'फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू' एवढंच सांगायचं. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्पष्ट येतोय, 22 हा स्पर्धेच्या नकाशावरचा आपला झोन. परवाना काढून ठेवला असेल, तर यंदा नुसतं ऐकत बसू नका, हाक द्या.