स्वस्तातली गिटार

सांगलीत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. तीस वर्षे गल्ल्यावर बसून मी गिऱ्हाइकांना एक गोष्ट सांगत आलो आहे, की सागवानी दाराला पत्र्याची बिजागरी लावू नका. दोन पावसाळ्यांत दार खाली बसते, चौकटीला घासू लागते आणि मग घरातली माणसे सुताराला दोष देतात. हे शहाणपण मी हजारो लोकांना फुकट वाटले. स्वतःच्या घरात मात्र ते वापरले नाही. त्याची ही हकीकत आहे.

दहावीची परीक्षा संपल्यावर माझ्या मुलाने इलेक्ट्रिक गिटार मागितली. आमच्या घरात पूजेच्या वेळी माझी आई स्तवने म्हणते, तेवढाच आमचा संगीताशी संबंध. मला वाटले, मित्रांचे पाहून आलेली हौस आहे, सहा महिन्यांत विरेल. म्हणून दुकानदाराला मी सरळ सांगितले, की सर्वांत स्वस्त असेल ती दाखवा. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरसह साडेसात हजारांत व्यवहार झाला. घरी येताना गिटार पोटमाळ्यावर कुठे ठेवता येईल, याचा विचारही माझ्या मनात येऊन गेला होता.

माझा अंदाज खरा ठरू लागला. पहिले दोन महिने तो रोज बसे; नंतर दिवसाआड; पुढे गिटार कोपऱ्यात उभी राहू लागली. डाव्या हाताच्या बोटांवर ओरखडे दिसत. सूर लावून दोन गाणी वाजवेपर्यंत तारा उतरत. यंत्र सुरू केले की वाजवण्याआधीच एक अखंड गुणगुण सुरू होई. एकदा आई म्हणाली, ‘‘अरे, पोराचा हात बरा आहे. वाद्यच सुरात राहत नाही.’’ मी लक्ष दिले नाही. ‘‘हाती घेतलेलं तडीस नेण्याची सवयच नाही तुला,’’ असे मी मुलाला दोनदा सुनावले, त्यातले एकदा पाहुण्यांच्या देखत. तो काही बोलला नाही.

एका रविवारी त्याने दुकानातला बारीक पेचकसांचा संच मागितला. खोलीत गेलो तर टेबलावर चादर अंथरून त्याने गिटार खोलून ठेवली होती. मी सहज एक खुंटी फिरवून पाहिली. जवळजवळ पाव फेरा ती नुसतीच फिरली, मग कुठे दाते धरले. आत जस्ताचे ओतीव काम आणि वरून चकाकी. गळ्याच्या कडेवरून बोट फिरवले तर पडद्यांची टोके करवतीसारखी लागली. घोडीचे स्क्रू लाकडात सैल झाले होते. असा माल मी माझ्या दुकानात ठेवला नसता. मुलाच्या हातात मात्र तो वर्षभर होता, आणि त्या मालाचा दोष मी त्याच्या स्वभावावर लिहून मोकळा झालो होतो.

त्या दिवशी त्याने चाळीस हजारांची दुसरी गिटार मागितली असती, तर कदाचित अपराधी मनाने मी ती घेऊनही दिली असती. पण तो म्हणाला, ‘‘पप्पा, हिचं लाकूड वाईट नाही. हिचेच भाग बदलून बघू या का?’’

इलेक्ट्रिक गिटार मुळातच सुट्या भागांची वस्तू आहे, हे मला तेव्हा समजले. ज्यांच्या नमुन्यावर आज जगभर स्वस्त गिटारी बनतात, ते कॅलिफोर्नियाचे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवताही येत नसे. त्यांनी गळा धडाला चिकटवला नाही, स्क्रूंनी जोडला. १९५४ साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली; तिच्या घडणीच्या असंख्य नकला आज मिळतात आणि आमची त्यांतलीच एक होती. मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली. ‘क्वीन’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून स्वतःची गिटार बनवायला घेतली आणि पुढे आयुष्यभर तीच वाजवली. त्याच वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेले. वडील आणि मुलगा एका टेबलाशी बसून वाद्य बनवतात, हे सांगताना मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता.

कामाला लागण्यापूर्वी मी एक अट घातली. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण लहानपणापासून ऐकतो. मर्यादा आधी ठरवायची, मोह झाल्यावर नव्हे. गिटारीची जी किंमत, तेवढाच खर्च सुधारणेवर करायचा, म्हणजे साडेसात हजार. जुन्या वहीचे एक कोरे पान काढून मुलाने वर आकडा लिहिला.

पहिले काम जवळजवळ फुकटाचे होते, आणि निम्मा फरक त्यानेच पडला. तारांचा नवा संच आणला, ६०० रुपये. गळ्याच्या आत एक पोलादी कांब असते. ती किल्लीने थोडी थोडी फिरवून गळ्याचा बाक काढला. बाराव्या पडद्याशी तार तीन मिलिमीटरहून अधिक उंच होती. ती दोनच्या खाली आणली. ती दाबताना बोटे का सोलत होती, ते आता कळले. पडद्यांच्या मधल्या लाकडाला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोके गोल केली. घोडीच्या सैल छिद्रांत बांबूच्या काड्या आणि पांढरा डिंक भरून स्क्रू पुन्हा आवळले. जुने कारागीर वाद्याला सरस वापरत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. आमच्या दुकानातला डिंक रासायनिक आहे, म्हणून ती काळजी नव्हती.

सूर जुळवण्याची रीतही मी शिकलो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेचा मध्य ३२४ वर. तेथे तारेला नुसता स्पर्श करून उमटणारा सूर आणि तेथेच दाबून उमटणारा सूर एक आला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीचा खोगीर मागे घ्यायचा, उतरता असेल तर पुढे. तराजूचा काटा मध्यावर आणण्यासारखेच हे काम आहे, आणि त्यात माझा हात मुलापेक्षा स्थिर निघाला.

मग प्रश्न आला तारगहनाचा. खुंट्यांकडे जाण्याआधी तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात, ती पट्टी. आमची पोकळ प्लास्टिकची होती. मुलाने जिथे जिथे वाचले, तिथे एकच सल्ला होता, की हाडाची पट्टी बसवा. स्वस्तात एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही. त्याने ती मागवण्याची तयारीही केली होती. जेवताना आईने सहज विचारले, ‘‘आता काय बसवतोस रे?’’ त्याचा घास हातातच राहिला. मी काही बोलणार नव्हतो; सोळा वर्षांच्या मुलाने काय करायचे ते त्याने ठरवावे, असे मला वाटले. रात्री तो म्हणाला, ‘‘पप्पा, सूर चांगला लागेल. पण प्रत्येक वेळी हात तिथंच जाईल, आणि मला ते आठवेल.’’

दुसऱ्या रविवारी आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे बहुतेकांना ठाऊक असेल. सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरापुढे आम्ही ती लाल, चकचकीत गिटार संकोचाने ठेवली. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. त्यांनी सांगितले, की त्यांच्या वाद्यांच्या घोड्याही पूर्वी सांबरशिंगाच्या आणि हाडाच्या असत; सांबरशिंगाच्या व्यापारावर आता बंदी आहे, आणि कृत्रिम पदार्थांवरही जवारी चांगली निघते. मग भिंगातून आमची पट्टी पाहून ते म्हणाले, ‘‘वस्तू कशाची आहे ते नंतर. खाच नीट नाही. तार इथं अडकते, म्हणून सूर उतरतो. खुंटीला उगाच शिव्या देताय.’’ त्यांनी मऊ पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले आणि तार फिरवून दाखवली; कर्रकन वाजण्याचे थांबले. कृत्रिम पदार्थाची टणक पट्टी ५०० रुपयांत आली आणि तिच्या खाचा त्यांनी कापून दिल्या. मजुरी घेतली नाही. हाडावाचून काही अडले नाही. येताना माझ्या मनात आले, की तात नाही, चामडे नाही, पोलादी तार आणि चुंबक यांवर चालणारे हे परके वाद्य आपल्या घराला तसे परके नाही.

खुंट्या तरी बदलाव्याच लागल्या. दाते झिजले होते ते खरेच. मागवण्यापूर्वी मी व्हर्नियरने छिद्रे मोजायला लावली, कारण स्वस्त गिटारींची छिद्रे पुष्कळदा लहान असतात आणि नव्या खुंट्या त्यांत शिरत नाहीत. २,४०० रुपये. गुणगुण घालवण्यासाठी आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती जमिनीच्या तारेला जोडली. आवाज कमी-जास्त करणारी बटणे आणि स्विच बदलले. सारे मिळून ९००. डाग देण्याचे काम मुलाने केले.

शेवटी पिकअप. चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंपली की त्या वेढ्यांत वीज उपजते आणि तीच पुढे ध्वनी होते. घरातल्या विजेची पन्नास आवर्तनांची गुणगुणही तेच वेढे टिपतात. तीन पिकअपांपैकी एकच, घोडीजवळचा, बदलायचा असे ठरले, २,८०० रुपये. बेरीज झाली ७,२००. घोडीखालचा जस्ताचा ठोकळा काढून पोलादी बसवावा, असे त्याला वाटत होते, आणि रोज कुणीतरी नवा भाग सुचवणारा भेटतच होता. मी वहीकडे बोट दाखवण्याआधी त्यानेच पान मिटले.

व्यापारी म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खर्चाचा विक्रीत परतावा नाही. पंधरा हजारांची झालेली ही गिटार बाजारात आजही चार हजारांनाच जाईल. म्हणून काढलेले भाग आम्ही डब्यात जपून ठेवले आहेत. उद्या चांगले भाग दुसऱ्या गिटारीवर नेता येतील. ज्यांच्या घरी असे वाद्य आहे, त्यांनी आधी जुळवणी करावी, मग तारगहन, मग खुंट्या, आणि पिकअप सर्वांत शेवटी. पुष्कळांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होईल.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात उत्तम मार्दवाच्या दिवशी मी मंदिरात बसलो होतो. मानकषायावर प्रवचन चालले होते. मला आठवत होता तो दुकानातला क्षण, ‘सर्वांत स्वस्त दाखवा’ म्हणणारा माझा आवाज. पैशाची तंगी नव्हती. तशी असती तर त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. मी काटकसर केली नव्हती. मुलगा हरणार, असे धरून मी त्या हरण्यापुरतीच रक्कम घातली होती, आणि तो हरू लागला तेव्हा माझा अंदाज बरोबर आला म्हणून मला समाधान वाटले होते.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्वांना हात जोडतो. गेल्या वर्षभरात काही चुकले असल्यास, असे म्हणतो. काय चुकले ते सांगायची वेळ बहुधा येत नाही. त्या दिवशी मी मुलाला ते नावानिशी सांगितले. ही गिटार मी तुझ्यावर विश्वास नसताना घेतली, आणि पाहुण्यांच्या देखत तुला बोललो ते खोटे होते. तो गोंधळला. मग म्हणाला, ‘‘मीही तुम्हाला मनात खूप बोललोय, पप्पा.’’ दोघांनीही हात जोडले.

आई हल्ली सकाळी स्तवन म्हणते तेव्हा तो कधी कधी तिच्यामागे हळू आवाजात सूर धरतो. स्तवन संपेपर्यंत तारा उतरत नाहीत. वहीच्या पानावर शेवटची ओळ त्याच्याच अक्षरात आहे: शिल्लक ३०० रुपये, पुढच्या तारांसाठी.