गावाकडे गेलेले पाच टक्के

चि. सुजाता,


तुझ्या पत्रातला राग समजला. विष्णू सवरांसारखा वाड्याच्या मातीतला आदिवासी माणूस 2014 ते 2019 आदिवासी विकासमंत्री होता, वर पालघरचा पालकमंत्रीही. तरी मोखाडा-जव्हारची मुलं कुपोषणाने मरतच राहिली. मग आपला माणूस मंत्री होऊन काय मिळालं, असं तू विचारतेस. माझं म्हणणं असं की मंत्र्याने काय वाटलं यावरून त्याचा हिशेब करू नये. वाटायचा अधिकार त्याने किती आपल्याकडे ठेवला आणि किती गावाला दिला, ते बघावं.

असं का, ते त्या खात्याच्या इतिहासावरून कळेल. आदिवासींच्या नावाचा पैसा मुंबईत मंजूर व्हायचा, खरेदी वरच ठरायची आणि पाड्यावर पोचायची ती वस्तू. मागितलेली असो वा नसो. 2004 ते 2009 या काळातल्या अशा योजनांची चौकशी न्या. गायकवाड समितीने केली, तेव्हा ऑइल इंजिनांपासून गॅस शेगड्यांपर्यंत घोळ बाहेर आले. सवरा 1990 पासून आमदार होते. आधी वाडा, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर भिवंडी ग्रामीण, मग विक्रमगड. इतकी वर्षं गावोगाव हिंडलेल्या माणसाला हे सारं दिसत नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कारकिर्दीत, 2015 साली, आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के पेसा कायद्याखाली येणाऱ्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचं ठरलं. अबंध निधी तो हाच. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. गरोदर बायकांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजनाही त्याच वर्षीची. पण तिचा पैसा आणि नियम वरूनच येतात, म्हणून माझ्या लेखी पाच टक्क्यांचं मोल जास्त.

तू म्हणशील, हे श्रेय राज्यपालांचं. अर्धं खरं आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचा आधार घेऊन तेव्हाचे राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनीच आग्रह धरला होता. पण आपल्या खात्याचा पैसा कमी करणारी फाइल कशी रखडवायची, हे कुठल्या मंत्र्याला शिकवावं लागत नाही, आणि ही फाइल रखडली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ग्रामसभा कागदावरच भरते, खर्च ग्रामसेवक आणि सरपंच मिळून उरकतात. हेही होतं. पण गावातली लबाडी गावाला दिसते, सरपंचाला अडवून जाब विचारता येतो. मंत्रालयातली कळायला चौकशी समिती लागते, तीही दहा वर्षांनी.

मात्र हात सोडला की भलंच होतं, असा याचा अर्थ घेऊ नकोस. वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचा निर्णयही याच काळातला. 2018 मध्ये आदिवासी मुलं त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे चालत निघाली, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. ग्रामसभेला पैसा मिळाला की तिची ताकद वाढते. एकट्या विद्यार्थ्याच्या हातात उशिरा पडलेली रक्कम म्हणजे सरकारने झटकलेली जबाबदारी. आणि 2016 च्या सप्टेंबरात मोखाड्यातल्या खोच गावी बालमृत्यूंबद्दल विचारल्यावर सवरांनी जी बेफिकिरी दाखवली, तिचं समर्थन मी करणार नाही. पोर गेलेल्या घरी उशिरा पोचलेल्या पालकमंत्र्याने निदान खाली मान घालून ऐकायला हवं होतं.

राहिला तुझ्या बोईसरचा प्रश्न. तारापूर एमआयडीसीच्या नाल्यांचं पाणी ज्या गावांतून खाडीला जातं, त्यांना या पाच टक्क्यांनी काय दिलं? जवळजवळ काही नाही. कारखान्याला भूखंड देते महामंडळ, सांडपाण्याची परवानगी देतं प्रदूषण नियंत्रण मंडळ. सालवड-पास्थळच्या ग्रामपंचायतींचा त्यात आवाज नाही. 2020 साली राष्ट्रीय हरित लवादाने प्रदूषणाच्या भरपाईचे आदेश दिले तेही दिल्लीतूनच. उद्योग आणि पर्यावरण ही खाती सवरांकडे नव्हती, हे कबूल. पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद होतं, आणि तिथून ते या दोन खात्यांशी भांडले असते तर त्यांना कोणी गप्प बसवलं नसतं. या बाबतीत तुझी तक्रार मला मान्य आहे. फक्त ती त्यांच्यापाशी थांबवू नकोस; त्यांच्यानंतरच्या पालकमंत्र्यांनाही हीच विचार.

तुझा,
काका