राजाच्या हुकमाचा बाजार

स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं पलीकडे, योक्मोक्क हे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आतली. पण फेब्रुवारीचा पहिला गुरुवार उजाडला की तीन दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. पारा उणे ३० अंशांवर गेला तरी बाजार भरतो. मुळात तो हिवाळ्यात ठरला तो थंडीच्याच सोयीने. तळी आणि दलदली गोठल्या की त्यांच्यावरून रेनडिअरच्या घसरगाड्या सरळ गावापर्यंत येत.

हौशीने मात्र तो सुरू झाला नाही. रेनडिअर पाळणारे, मासे धरणारे सामी लोक रानोमाळ पांगलेले. एकेकाला गाठून कर वसूल कोण करणार? म्हणून नवव्या कार्ल राजाने १६०५ मध्ये फर्मान काढलं, की उत्तरेतला व्यापार ठरल्या जागी, ठरल्या दिवसांतच व्हावा. सामी माणूस कातडी, सुके मासे देई आणि पीठ, मीठ, कापड घेई. राजाचा वाटाही कातडी-माशांतूनच जाई. न्यायनिवाडा तिथेच, बाप्तिस्मे आणि लग्नंही तिथेच. राजाला लढायांसाठी पैसा हवा होता, एवढं लक्षात ठेवूनच या बाजाराचं कौतुक करावं.

नॉर्वेतल्या रोरोसचा बाजारही असाच राजाज्ञेचा, १८५३ सालचा. तिथे अजून डोंगर ओलांडून घोड्यांच्या घसरगाड्या येतात.

योक्मोक्कमध्ये आता बघण्यासारखी वस्तू म्हणजे गुक्सी. बर्चच्या खोडावर फुगलेली गाठ कापून, सावकाश वाळवून, आतून कोरलेला हा पेला. गाठीतले लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो सहसा तडकत नाही. शेजारी रेनडिअरच्या शिंगाचं म्यान असलेला सुरा. अस्सल सामी कामाला ‘सामी दुओज्जी’ची खूणचिठ्ठी असते. ती बघूनच घ्यावं, किमतीला मात्र दचकू नये. दोन पावलांवर यंत्राचे मोजे आणि गोळ्या-चॉकलेटंही विकायला असतात. काहींना ते खटकतं. पण पीठ-मीठ विकणारे तरी कुठे इथले होते?

गावोगावचे सामी नातेवाईक या दिवसांत भेटतात, आणि गप्पा कुरणांवरून खाणींवर जातात. जवळच्या गालोकला लोखंडाची खाण झाली तर रेनडिअरच्या वाटा तुटतील, ही त्यांची तक्रार. फेब्रुवारी २०२२ मध्ये हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गही त्या विरोधात उभी राहायला योक्मोक्कला आली होती. पुढच्याच महिन्यात सरकारने अटी घालून खाणीला मंजुरी दिली.